खाली केलेल्या ट्रकला मागचे शॉक कुठले घ्यायचे? आधी टेप काढा, कंपनी नंतर

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही लिंक लागेल. भाऊ ह्यूस्टनजवळ केटीला राहतात, १९९६ ची शेवी सी१५०० पिकअप घेतलीय, रेग्युलर कॅब, शॉर्ट बेड (मागचा हौदा छोटा), टू व्हील ड्राइव्ह. आधीच्या मालकाने गाडी पुढून २ आणि मागून ४ इंच खाली केलेली, मागे लांब शॅकल (पाट्याचं मागचं टोक चॅसीला जोडणारी हलती कडी) आणि ड्रॉप हँगर (पाट्याचं पुढचं टोक धरणारी ब्रॅकेट) टाकलेत, पाटे म्हणजे लीफ स्प्रिंग मूळचेच. तक्रार अशी की फ्लायओव्हरच्या जॉइंटवर मागून धाडकन आवाज येतो, हायवेला मागची बाजू उड्या मारते, शॉक दोनदा बदलून झाले, दुसऱ्या वेळी हेवी ड्युटीवाले टाकले तर अजूनच बिघडलं. आता ४००-५०० डॉलर खर्चायची तयारी आहे, कुठल्या कंपनीचे घेऊ? अधूनमधून होम डेपोतून लाकूड, मल्चच्या पिशव्या आणतात, ते सोडलं तर गाडी रिकामीच फिरते.

मी इकडे टेक्सासमध्येच सस्पेन्शनचं काम करतो, त्याच्या आधी कोल्हापूरला उद्यमनगरात पाट्यांच्या दुकानात होतो, त्यामुळे पाट्याची गाडी दिसली की हात आपोआप खाली जातो. तर माझं म्हणणं एवढंच की तुमचा प्रश्न शॉकच्या कंपनीचा नाहीये, जागेचा आहे. गाडी ४ इंच खाली आली म्हणजे ॲक्सल आणि चॅसी यांच्यात जी मोकळी जागा होती तिच्यातली ४ इंच गेली. उरलेल्या जागेत बसेल असा शॉक पाहिजे, आणि तो किती लांबीचा हे तुमच्या गाडीखाली टेप लावल्याशिवाय मी काय, कोणीच सांगू शकत नाही. दोन सारख्या दिसणाऱ्या ९६ च्या गाड्यांमध्येसुद्धा एकीचे पाटे बसलेले असतात, दुसरीला कोणीतरी मधला एक पाटा काढून ठेवलेला असतो, किट वेगळं असतं, टायर वेगळे असतात. त्यामुळे "मी अमुक टाकले, मस्त चालतात, डोळे झाकून घ्या" हे जे वर दोन-तीन जणांनी लिहिलंय ते त्यांच्या गाडीपुरतं खरं असेल, तुमच्या गाडीला लागू होईलच असं नाही.

आधी आवाज कुठून येतो ते शोधा, पैसे नंतर. यासाठी काही खोलायची गरज नाही, सपाट जागेवर गाडी उभी करा, चाकांना अडण लावा आणि टॉर्च घेऊन खाली जा. चॅसीला ॲक्सलच्या बरोबर वर रबराचा बंप स्टॉप असतो, त्याच्या खाली ॲक्सलवर तो जिथे टेकतो ती जागा बघा. तिथे घासून चकाकी आली असेल, रंग उडाला असेल तर ॲक्सल स्टॉपवर आदळतोय. पण तिथे जुनी धूळ, वाळलेला चिखल जसाच्या तसा असेल आणि तरी धाड आवाज येत असेल तर स्टॉपपर्यंत काही पोचतच नाहीये, बहुधा त्याच्या आधीच शॉक आतल्या आत तळाला लागतोय. मग शॉकचा वरचा माउंट बघा, बोल्टचं भोक अंडाकृती झालंय का, ब्रॅकेटला बारीक चीर गेलीय का, शॉकच्या डोळ्यातलं (टोकाच्या कड्यातलं) रबर एका बाजूला फाटून बाहेर आलंय का. तुमच्या वर्णनावरून मला हाच दुसरा प्रकार वाटतोय कारण दोन्ही वेळा शॉक तुम्ही पार्ट्सच्या दुकानातून गाडीचं वर्ष आणि मॉडेल सांगून आणले, म्हणजे ते मूळ उंचीच्या गाडीचे, पूर्ण लांबीचे. दुकानदाराची चूक नाही, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये तुमची गाडी अजून ४ इंच उंच आहे.

अजून एक संशयित म्हणजे एक्झॉस्ट. मागची टेलपाइप ॲक्सलच्या वरून जाते, गाडी खाली केल्यावर ॲक्सल वर येऊन पाइपला ठोकर मारतो आणि आवाज अगदी बंप स्टॉपसारखाच येतो. पाइपच्या खालच्या अंगाला चेपलेलं, चकाकलेलं काही दिसतंय का बघा. असं असेल तर शॉकवर शंभर डॉलर टाका नाहीतर हजार टाका, आवाज तसाच राहणार, पाइप ॲक्सलच्या आधी बाहेर वळवून घ्यावा लागेल.

आता मोजमाप. हे नीट वाचा कारण सगळं यावरच आहे. गाडी आपल्या नेहमीच्या स्थितीत चाकांवर उभी पाहिजे, टाकीत निम्मं तरी पेट्रोल असू द्या, आणि बेडमध्ये जे कायम असतं (टूलबॉक्स वगैरे) ते असू द्या. पहिलं माप, शॉकच्या खालच्या बोल्टच्या मध्यापासून वरच्या बोल्टच्या मध्यापर्यंत. दुसरं माप, बंप स्टॉपच्या टोकापासून ॲक्सलपर्यंतची मोकळी जागा. तिसरं माप, बंप स्टॉप स्वतः किती जाड आहे. आणि चौथं, गाडी उचलून चॅसीखाली घोड्या (जॅक स्टँड) लावा, ॲक्सल मोकळा लटकू द्या, शॉकचा खालचा बोल्ट काढा म्हणजे शॉक अडवणार नाही, आणि मग परत बोल्टच्या जागांमधलं अंतर घ्या. हे करताना ब्रेकचा रबरी होज ताणला जात नाहीये ना यावर डोळा ठेवा. आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, घोड्या लावल्याशिवाय अंग आत घालायचं नाही.

समजा (आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे वेगळे येतील) उभ्या गाडीत बोल्ट ते बोल्ट साडेचौदा इंच आलं. स्टॉप ते ॲक्सल जागा २ इंच. स्टॉप २ इंच जाड, तो जोरात आदळल्यावर साधारण निम्मा दबतो असं धरा, म्हणजे अजून १ इंच. तर ॲक्सल एकूण ३ इंच वर येऊ शकतो. साडेचौदातून ३ गेले, राहिले साडेअकरा. त्यात अर्धा इंच सुरक्षेला सोडा. म्हणजे तुमचा शॉक पूर्ण दाबल्यावर ११ इंच किंवा त्याहून कमी लांबीचा पाहिजे. लटकवल्यावर अंतर साडेसोळा आलं असेल तर पूर्ण ताणल्यावर शॉक १७ च्या वर पाहिजे. कॅटलॉगमध्ये हे दोन आकडे, दबलेली लांबी आणि ताणलेली लांबी, बहुतेक चांगल्या कंपन्या देतात. याच गाडीला दबलेली लांबी १३ इंचवाला शॉक लावला तर त्याच्याकडे फक्त दीड इंच चाल, म्हणजे दबायला वाव, आहे आणि ॲक्सलला पाहिजेत तीन, मग तो प्रत्येक जॉइंटला तळाला लागणार आणि पिस्टन, व्हॉल्व, माउंट सगळ्यांचं भजं होणार. शॉक तिरका बसवलेला असेल तर तो ॲक्सलपेक्षा थोडा कमी दबतो, त्यामुळे वरचा हिशोब थोडा जास्तीच सुरक्षित निघतो, तो तसाच राहू द्या.

हेवी ड्युटीने का बिघडलं तेही यातच आलं. एक तर लांबी तीच, मूळ गाडीची. दुसरं असं की शॉक वजन उचलत नाही, वजन पाटे उचलतात, शॉकचं काम पाट्यांची हालचाल आवरणं एवढंच (हाय प्रेशर गॅसचा मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा शॉक, असेल तर गॅस दांड्याला बाहेर ढकलतो आणि मागची बाजू किंचित उचलली जाते, पण त्यावर भार टाकायचा नसतो). रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी, पाटे अर्धा टन ओझ्याच्या हिशोबाने बनवलेले म्हणजे आधीच कडक, त्यावर अजून कडक शॉक टाकला की चाक खड्ड्याचा आकार धरतच नाही, सगळं उचलून बेडला आणि तुमच्या कंबरेला देतं.

आणि हायवेवरच्या उड्यांचं एक वेगळं कारण असू शकतं जे लोकांच्या चटकन लक्षात येत नाही. शॉकचं रिबाउंड, म्हणजे ताणला जाताना होणारा विरोध, जास्त असेल तर एका जॉइंटवर दबलेला पाटा पुढचा जॉइंट यायच्या आत पूर्ण उघडत नाही, दुसऱ्या जॉइंटवर अजून दबतो, तिसऱ्यावर अजून. गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि मग बंप स्टॉपवरच नाचायला लागते. इकडे याला पॅकिंग म्हणतात. मूळ उंचीच्या गाडीत पाच-सहा इंच जागा असते म्हणून हे जाणवत नाही, तुमच्याकडे दोनच इंच असेल तर दोन-तीन जॉइंटमध्ये संपली. चालवणाऱ्याला वाटतं शॉक मऊ पडले म्हणून उडते, तो अजून कडक आणतो, आणि अजून उडते. ओळखायची खूण अशी की एकट्यादुकट्या खड्ड्यात गाडी बरी जाते पण ओळीने जॉइंट आले की बिघडते. केटी फ्रीवेवरून बेल्टवेच्या उंच रॅम्पला चढताना होत असेल तर हेच समजा.

मग घ्यायचे कुठले. खाली केलेल्या ट्रकसाठीच बनवलेले कमी लांबीचे शॉक मिळतात, बेलटेकचे आहेत, अजूनही ड्रॉप किटवाल्यांचे आहेत, ते किती इंच ड्रॉपसाठी आहेत हे कॅटलॉगमध्ये दिलेलं असतं. साधी जोडी शे-दोनशे डॉलरच्या आतबाहेर येते आणि तुमच्या वापराला, म्हणजे रिकामी गाडी, कधीतरी लाकूड, ही खरंच पुरते. ट्विन ट्यूब (नळीत नळी) की मोनोट्यूब यावर लोक तासन् तास भांडतात. मोनोट्यूबमध्ये तेल आणि गॅस वेगळे ठेवलेले असतात, त्यामुळे खूप चालवल्यावर तेलाला फेस येऊन पकड जात नाही, तापही लवकर बाहेर जातो. पण लांबीच्या बाबतीत मोनोट्यूबला गॅसची खोली पिस्टनच्याच नळीत बसवायची असल्याने तेवढ्याच चालीसाठी बॉडी जास्त लांब लागते. जागा कमी असलेल्या गाडीत हे नडतं. ट्विन ट्यूब बुटका करता येतो, नळीला बाहेरून चेप पडली तरी काही काळ निभावतो, आणि लो प्रेशर गॅसवाला असेल तर फेसाचाही फार त्रास नाही. घरून ऑफिस आणि शनिवारी होम डेपो एवढ्यासाठी मी ट्विन ट्यूबच देईन. पैसे खर्चायचेच असतील तर क्यूए१ किंवा राइडटेकसारख्यांचे ॲडजस्टेबल घ्या, पण तिथेही आधी लांबी जुळवा. आणि ॲडजस्टेबल घेतलेच तर सगळ्यात मऊ सेटिंगपासून सुरू करा, एकाच ओळखीच्या रस्त्यावर एक-एक क्लिक वाढवत जा, गाडी एका झोक्यात शांत झाली की थांबा. लोक बॉक्समधून काढून मधल्या नंबरावर लावतात आणि तिथेच सोडून देतात, मग ते पाचशे डॉलर कशासाठी.

शॉक एक्स्टेंडर नावाचा प्रकारही तुम्हाला कोणीतरी सुचवलाय. तो शॉकचा खालचा माउंट अजून खाली नेतो म्हणजे मूळ लांबीचा शॉक वापरता येतो. स्वस्त आहे, चालतो, पण मला दोन कारणांनी आवडत नाही. एक, ब्रॅकेट लांब झाल्याने बोल्टवर पिळ वाढतो आणि तो ढिला व्हायला लागतो. दोन, ते खाली लोंबतं. आमच्या धंद्यात नियम असा की एका बाजूच्या रिमच्या सगळ्यात खालच्या टोकापासून दुसऱ्या बाजूच्या टायरच्या तळापर्यंत एक रेघ कल्पना करून ओढायची, त्या रेघेच्या खाली सस्पेन्शनचं काहीही यायला नको. टायर फुटला आणि रिमवर गाडी आली तर रेघेखालचा भाग रस्त्याला लागतो. स्क्रब लाइन म्हणतात तिला. एक्स्टेंडर असेल तर दोरी धरून हे तपासा.

कोनाचं राहिलं. गाडी खाली आली की शॉकचं खालचं टोक वर येतं आणि शॉक आधीपेक्षा जास्त आडवा होतो. उभा शॉक पूर्ण काम करतो, जितका आडवा तितकं कमी, आणि हे कमी होणं दुहेरी आहे कारण शॉक कमी अंतर चालतो आणि त्याचा जोरही तिरका लागतो. उभ्यापासून २० अंश कललेला असेल तर साधारण ८८ टक्के परिणाम उरतो, ३० अंशाला ७५ टक्के, ४५ अंशाला निम्माच. फोनमधल्या लेव्हलच्या ॲपने मोजता येतं. तुमचा ३० च्या आत असेल तर सोडून द्या, त्याच्या पुढे गेला असेल तर माउंट हलवायचा विचार करा, नुसता कडक शॉक टाकून ते भरून काढू नका. जुन्या पिकअपमध्ये बऱ्याचदा एक शॉक ॲक्सलच्या पुढे आणि एक मागे असतो, तो गाडी जोरात वेग घेताना ॲक्सल पिळू नये म्हणून मुद्दाम दिलेला असतो, तर माउंट हलवताना दोन्ही एकाच बाजूला आणू नका.

आता शॉक सोडून बाकीचं, कारण मला खरं तर इथेच जास्त पैसे घालावेसे वाटतात. बंप स्टॉप. मूळ स्टॉप कडक रबराचा असतो, तो मूळ उंचीला कधीतरीच टेकायचा म्हणून चालायचं. खाली केलेल्या गाडीत स्टॉप रोज टेकणार आहे, तो आता तुमच्या स्प्रिंगचाच भाग झालाय, तर तो तसाच असला पाहिजे. फोमसारख्या मऊ पॉलियुरेथेनचे स्टॉप मिळतात जे आधी हलके दबतात आणि मग हळूहळू कडक होत जातात. बरेच लोक जागा मिळावी म्हणून जुना रबर ब्लेडने निम्मा कापतात. त्याने जागा एक इंचाने वाढते पण उरलेला तुकडा दगडासारखा लागतो, आणि शॉक आखूड नसेल तर स्टॉपच्या आधी शॉकच मार खातो. स्टॉप कुठलाही लावा, क्रम एकच असायला हवा, आधी स्टॉप टेकला पाहिजे, शॉक तळाला लागायचाच नाही. खात्री करायची असेल तर लहान मुलं खेळतात ती मॉडेलिंग क्ले स्टॉपच्या खाली ॲक्सलवर थापा, नेहमीच्या रस्त्यावर फेरी मारून या आणि क्ले किती चेपली ते बघा. शॉकचा दांडा उघडा दिसत असेल तर त्याला झिप टाय घट्ट गुंडाळा, तो सरकून जिथे थांबेल तिथपर्यंत तुमची चाल वापरली गेली.

सी-नॉच. म्हणजे ॲक्सलच्या वर चॅसीचा तुकडा कापून तिथे उलट्या सी आकाराची मजबूत पट्टी बसवायची, म्हणजे ॲक्सलला वर यायला जागा होते. ४ इंचाला नॉच लागतोच असं नाही, रिकाम्या गाडीला बरेचजण त्याशिवाय चालवतात. ५-६ इंच आणि फ्लिप किट असेल, म्हणजे ॲक्सल पाट्याच्या खालून काढून वर बसवलेला, तर नॉचशिवाय मी गाडी बाहेर सोडत नाही. तुमचं मधलं आहे, आणि उत्तर ओझ्यावर आहे. एक दिवस नेहमीचं लाकूड, मल्च भरा आणि स्टॉप ते ॲक्सल परत मोजा. रिकामी २ इंच होती आणि भरून अर्धा-पाऊण इंच राहिली तर नॉच किंवा एअर बॅग यापैकी एक कराच. नॉच बोल्टवाला घ्या. या शेवीमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बाजूला चॅसीच्या आतल्या अंगाला असते आणि ब्रेकच्या नळ्या चॅसीला धरूनच जातात, तिथे ग्राइंडर आणि वेल्डिंग घेऊन घरच्या गराजमध्ये झोपायचं धाडस करू नका. ज्याने हे काम आधी केलंय त्याच्याकडूनच करून घ्या.

एअर बॅग चांगला उपाय आहे, ओझं असेल तेव्हा हवा भरायची, नसेल तेव्हा कमी करायची, पण रिकामी असतानाही पूर्ण सोडायची नाही, किमान ५ पीएसआय ठेवायची नाहीतर रबर घडी पडून फाटतं. नेहमीच्या किटमधली बॅग तुमच्या उरलेल्या जागेत बसणार नाही, खाली केलेल्या ट्रकसाठी बुटक्या बॅगा वेगळ्या मिळतात. आणि बॅग लावल्याने गाडीची वजन वाहायची मर्यादा वाढत नाही, ती दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच राहते.

शॅकलबद्दल एक गोष्ट सांगतो कारण तुमच्या दुसऱ्या मेसेजमध्ये "शॅकल अजून लांब टाकू का" असं आहे. या गाडीत शॅकलचा चॅसीकडचा बोल्ट खाली आणि पाट्याचा डोळा वर असतो, म्हणून शॅकल लांब केला की पाटा वर जातो आणि गाडी खाली येते. ज्या गाडीत शॅकल चॅसीपासून खाली लटकतो आणि डोळा खालच्या टोकाला असतो तिथे शॅकल लांब केला की गाडी उलट उंच होते. भारतातल्या आपल्या गाड्यांचा अनुभव घेऊन इकडे आलेले यात हमखास गोंधळतात. शिवाय पाट्याचं एकच टोक २ इंच हललं तर मधे ॲक्सलपाशी साधारण १ इंचच फरक पडतो. पण तुमच्याकडे आधीच लांब शॅकल आहे, अजून लांब केला तर तो कलून आडवा पडायला लागेल आणि पाटा दबल्यावर मागे सरकायला वाव राहणार नाही. नको.

बुश (पाट्याच्या डोळ्यात बोल्टभोवती बसणारी नळी) बदलणारच असाल तर रबराचेच घ्या. पॉलियुरेथेन जास्त टिकतं, कोपऱ्यात गाडी नेमकी वाटते, पण सिलिकॉन ग्रीस वेळेवर नाही लावलं तर जुन्या दाराच्या बिजागरीसारखं कुरकुरतं आणि रोजच्या गाडीत ते डोक्यात जातं. रबर बसवताना बोल्ट गाडी हवेत असताना पक्के आवळायचे नाहीत. नुसते धरून ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चारदा बेड दाबून हलवा, मग टॉर्क द्या. नाहीतर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं, गाडी किंचित उंच बसते आणि बुश काही महिन्यांत फाटतो. यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे) काढले तर परत तेच वापरायचे नाहीत, ते एकदा ताणले की संपले, नवीन टाका आणि पहिल्या ५०-१०० मैलांनंतर परत टॉर्क लावून बघा.

पिनियन अँगल, म्हणजे ड्राइव्हशाफ्ट जिथे जोडतो त्या डिफरन्शियलच्या नाकाचा कोन, तपासा, पाच मिनिटांचं काम आहे. ६०-७० मैलाच्या वेगाला सीटखाली एकसारखी थरथर असेल आणि ती रस्ता बदलला तरी तशीच राहत असेल तर ती सस्पेन्शनची नाही, ड्राइव्हशाफ्टची असू शकते. हँगर आणि शॅकल बदलल्यावर पाटा फिरतो आणि त्याच्याबरोबर डिफरन्शियलचं नाक वरखाली होतं. ड्राइव्हशाफ्टच्या पुढच्या आणि मागच्या यू-जॉइंटचे (वळणाऱ्या सांध्यांचे) कोन साधारण सारखे पाहिजेत, एकमेकांत एक अंशाच्या आत, आणि प्रत्येकी १ ते ३ अंश. पाट्याच्या गाडीत रेस दिल्यावर नाक वर उचललं जातं म्हणून उभ्या गाडीत ते किंचित खाली ठेवायचं. दुरुस्ती पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर घालून होते, पाचर लोखंडाची घ्या, ॲल्युमिनियमची काही दिवसांनी चेपते.

खाली एकाने विचारलंय की हेच नाशिकला बोलेरो पिकअपवर करता येईल का. भाऊ, तिकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ बनावटीत असे बदल चालणार नाहीत, पासिंगला आणि इन्शुरन्सला दोन्हीकडे अडकाल. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, काही पिकअपना मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व असतो जो ओझं बघून मागच्या ब्रेकचा दाब कमीजास्त करतो, जुन्या टोयोटा पिकअपनाही असतो. गाडी खाली केली की त्याला वाटतं गाडी भरलेली आहे, तो रिकाम्या गाडीतही मागे जास्त दाब देतो आणि पावसात मागची चाकं आधी लॉक होतात. इकडचे व्हिडिओ बघून तिकडे करू नका. इकडे टेक्सासमध्ये २०२५ पासून खासगी गाड्यांचं सेफ्टी इन्स्पेक्शनच बंद झालंय, त्यामुळे तुमच्या गाडीखाली वाकून बघणारं आता तुमच्याशिवाय कोणी नाही, हेही लक्षात असू द्या.

तर केटीवाले भाऊ, तुमच्या ५०० डॉलरमध्ये मी असं करेन: आधी मोजमाप, फुकट. मग योग्य लांबीची ट्विन ट्यूब जोडी, मऊ प्रोग्रेसिव्ह बंप स्टॉप, गरज असेल तर नवीन बुश आणि यू-बोल्ट. यानंतर भरलेल्या गाडीचं माप बघून नॉच की बॅग ते ठरवा, ते कदाचित पुढच्या महिन्यात जाईल, जाऊ द्या. तोपर्यंत ओझं कमी भरा.

चारही मापं इथे टाका, सोबत ॲक्सलवरच्या बंप स्टॉपच्या जागेचा आणि शॉकच्या वरच्या माउंटचा फोटो, आणि शॉकला दोन्ही टोकांना डोळा आहे की कुठे पिन आहे तेही लिहा कारण लांबी जुळली आणि टोक चुकलं तर पार्सल परत करावं लागतं. रविवारी संध्याकाळी बसून कॅटलॉगमधून दोन-तीन नंबर काढून देतो.